देवाने भावाला माफ केले, मग माझ्या हिश्श्याचे काय?

ताई,

तुमचे म्हणणे मला असे समजले. वडील गेल्यावर 'जमीन विकली की तुझा हिस्सा देतो' असे सांगून भावाने तुमच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. पुढे जमीन बिल्डरला गेली, भावाचा बंगला उभा राहिला, तुमच्या हातात काहीच आले नाही. यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्याने पापकबुली केली, म्हणजे धर्मगुरूकडे जाऊन पापे सांगितली. आता तो नातेवाइकांत सांगतो की देवाने मला माफ केले आहे, बहिणीने मनात ठेवले तर पाप तिच्या माथी. तुम्ही विचारता, देवाने त्याला खरेच माफ केले का? मीही माफ केलेच पाहिजे का? आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर जीभ अडखळते, तर ती प्रार्थना देवाला चालते का?

आधी सरळ उत्तर देतो, कारण तुम्ही बराच काळ या ओझ्याखाली आहात. देवाची क्षमा फुकट असते. ती कमावता येत नाही, विकत घेता येत नाही. पण तुमचे जे आहे ते परत करण्याची ऐपत असूनही भावाचा तसा विचारच नसेल, तर ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या, शिकवणीप्रमाणे तिथे पश्चात्तापच झालेला नाही, आणि पश्चात्ताप नसताना धर्मगुरूने उच्चारलेली पापमुक्ती लागू पडत नाही. तुमच्याविषयी म्हणाल तर, क्षमा करण्याची हाक तुम्हालाही आहे, ती मी लपवणार नाही. पण त्या हाकेत हिस्सा सोडून देणे येत नाही, आणि भावाच्या सोयीच्या दिवशी क्षमा करून मोकळे होणेही येत नाही.

तीन दशकांहून अधिक काळ मी पापकबुली ऐकत आलो आहे, आणि वसईच्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून घराघरांतली ही भांडणे जवळून पाहिली आहेत. तुमच्या भावाने कोणाकडे कबुली केली, काय सांगितले, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे केली असती तरी मी एक अक्षर बोललो नसतो. कबुलीत ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभा बहिष्कृत करते, आणि ते योग्यच आहे. म्हणून कोणा एकाचे न सांगता, ही गोष्ट कशी चालते तेवढे सांगतो.

माणूस येतो, जाळीपलीकडे गुडघे टेकतो, क्रुसाची खूण करतो, मागची कबुली कधी केली ते सांगतो. मग पापे. रागावलो, शिवी दिली, रविवारची मिस्सा चुकवली, अशी सुरुवात होते. जड गोष्ट बहुधा शेवटी येते आणि भरभर बोलून टाकली जाते: घरातल्या जमिनीच्या व्यवहारात जरा चुकले. ऐकणाऱ्याने इथे घाई करायची नसते. कोणाचे घेतले? जाणूनबुजून घेतले का? त्या माणसाला अजून त्याची झळ बसते आहे का? परत देण्याची ऐपत आज आहे का? एकरकमी जमत नसेल तर थोडे थोडे करून? ज्याचे घेतले तो हयात नसेल तर त्याचे वारस कोण? वारसही सापडत नसतील तर ते पैसे गोरगरिबांना जायला हवेत, स्वतःच्या खिशात राहता कामा नयेत. हे प्रश्न मी माझ्या मनाने काढलेले नाहीत. धर्मगुरू होताना आम्हाला ते शिकवले जातात.

समोरचा म्हणाला, 'फादर, देईन, मला थोडी मुदत द्या,' तर त्याच क्षणी त्याच्या डोक्यावर हात उगारून पापमुक्तीचे शब्द उच्चारायचे. पैसे हातात पडेपर्यंत थांबायचे नाही. लोकांना हे कधी कधी खटकते, पण मला ते फार मोलाचे वाटते. देव शब्दावर विश्वास ठेवतो. कर्ज फिटायला दहा वर्षे लागणार असतील तरी क्षमा आजच मिळते. पण समोरचा म्हणाला, 'कागद माझ्या नावावर आहे, तिने सही केली आहे, मी काही देणार नाही,' तर हात वर जात नाही. त्याला मायेने सांगावे लागते की तू अजून तयार झालेला नाहीस, पुन्हा ये, मी वाट पाहतो. आणि एखाद्याने ही मोठी गोष्ट मुद्दाम गिळून फक्त लहानसहान पापे सांगितली, तर त्याची सगळीच कबुली फोल ठरते, भले धर्मगुरूने पापमुक्ती दिलेली का असेना.

या तिन्हींपैकी तुमच्या भावाचे काय झाले ते तो जाणे आणि देव जाणे. त्याच्या अंतःकरणाचा निवाडा मी करत नाही. मात्र 'देवाने माफ केले, आता तुझे काही राहिले नाही' हे जे तो बोलतो आहे, ती ख्रिस्ती शिकवण नाही, हे मी ठामपणे सांगतो.

लेवीय पुस्तकात नियम आहे की शेजाऱ्याला फसवून काही घेतले असेल तर ते पूर्ण परत करावे, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि मग देवापुढे दोषार्पण आणावे. आधी ज्याचे त्याला, मग वेदीवर. प्रभू येशू डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवतो: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, जा, आधी समेट कर. यात पाऊल कोणी उचलायचे आहे ते नीट पाहा. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याची तक्रार आहे, त्याने. तुमच्या भावाने देवळातून उठून तुमच्या दाराशी यायचे आहे. तुम्हाला देवळात बोलावून गप्प करायचे नाही.

संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात अगदी कोरड्या शब्दांत मांडले आहे की घेतलेले परत करता येत असताना केले नाही, तर पापाची क्षमा होत नाही; तो पश्चात्ताप नसतो, पश्चात्तापाचे सोंग असते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही हेच आहे: पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेली नासधूस आपोआप भरून निघत नाही, ती भरून काढण्यासाठी जे शक्य ते करावे लागते, चोरलेले परत करावे लागते, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते.

जक्कयाची गोष्ट तुम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल. यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. अजून जक्कयाने काहीच कबूल केलेले नाही, काही परत केलेले नाही. लोक कुरकुरतात, पाप्याच्या घरी हा पाहुणा कसा? मग जक्कय उभा राहून सांगतो की माझे अर्धे धन मी दरिद्र्यांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. दया आधी येते, विनाअट येते, घरात शिरते. आणि ती खरेच शिरली असेल तर घरातून पैसे बाहेर जाऊ लागतात. दयेची आणि परतफेडीची अशी सांगड मला शास्त्रात दुसरीकडे इतकी स्पष्ट दिसत नाही.

ती चौपटीची भाषा आणखी एका ठिकाणी आहे. दावीद राजाने आपल्याच सैन्यातल्या उरियाची बायको बथशेबा हिला आपल्याकडे आणले आणि उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो तो थेट आरोप घेऊन येत नाही. तो एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो, ज्याच्याकडे एकच कोकरी होती; ती त्याच्या ताटातले खायची, त्याच्या उराशी निजायची. श्रीमंत शेजाऱ्याकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता हीच कोकरी उचलून कापली. दावीद संतापून म्हणतो, हा माणूस मरणाला पात्र आहे, त्याने कोकरीची चौपट भरपाई करावी. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

या प्रसंगाशी जोडलेल्या एकावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. उपवासकाळात हे स्तोत्र आपण वारंवार म्हणतो, आणि तुमच्या भावासारखी माणसे नेमकी याच ओळीच्या आड उभी राहतात: पाप देवाविरुद्ध, क्षमा देवाची, मग बहीण मध्ये कुठे आली? अहो, पण देवाविरुद्ध पाप झाले ते कशामुळे, हे नाथानने आधीच सांगून ठेवले आहे. कोकरी गरिबाची होती. देव त्या गरिबाच्या बाजूने उभा राहिला, म्हणून कोकरी उचलणे हा देवाविरुद्धचा अपराध ठरला. लुबाडलेल्याला वगळून देवापर्यंत जायची आडवाट त्या स्तोत्रात नाही. दाविदाला क्षमा मिळाली, नाथानाने ती त्याच वेळी जाहीर केली. पण उरिया परत आला नाही, आणि दाविदाच्या घरातून तलवार गेली नाही. झाल्या गोष्टींचे परिणाम क्षमेने पुसले जात नाहीत.

आता उधळ्या पुत्राचा दाखला, कारण तुम्ही लिहिले आहे की भाऊ स्वतःला तो धाकटा मुलगा म्हणवतो आणि तुम्हाला रुसून बाहेर बसलेला थोरला. या दाखल्यावर मी खूप प्रवचने केली आहेत, आणि दरवेळी मला त्यात वाटणीचा विषय ठळक दिसतो. गोष्ट सुरूच होते ती 'बाबा, मालमत्तेतला माझा हिस्सा मला द्या' या मागणीने. धाकटा आपला हिस्सा घेऊन जातो, उडवतो, डुकरे राखायची पाळी येते, मग परततो. बाप धावत जातो, गळ्यात पडतो, मुलाने पाठ करून आणलेली माफी पुरती ऐकूनही घेत नाही. झगा, अंगठी, पायात जोडे, मेजवानी. देवाच्या दयेविषयी याहून अधिक मी तरी काय सांगणार?

पण बाप त्या दिवशी घराबाहेर दोनदा येतो. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. थोरला चिडून अंगणात उभा आहे, तर बाप त्याला दटावत नाही, 'तू पापी आहेस, मन मोठे कर' असे सुनावत नाही. विनवणी करतो. आणि त्याला सांगतो, 'बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, आणि जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे.' म्हणजे धाकट्याला माफ करताना बापाने थोरल्याचा हिस्सा कापलेला नाही. धाकट्याने उधळले ते स्वतःचे होते, आणि थोरल्याचे होते ते थोरल्याचेच राहिले. तुमच्या घरी मात्र भावाने उडवला तो तुमचा हिस्सा. त्यामुळे स्वतःला त्या धाकट्याच्या जागी बसवण्याआधी त्याने दाखला पुन्हा वाचावा. आणि तुम्ही अंगणात उभ्या असाल, तर बाप तुमच्यासाठीही बाहेर आला आहे, हे तुम्ही वाचावे.

एक गोष्ट मी दडवणार नाही. लूकच्याच शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला मला वतनाचा वाटा द्यायला सांगा. आणि येशू नकार देतो: मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? मग तो लोभापासून सावध करतो आणि कोठारे वाढवणाऱ्या मूर्ख धनवानाची गोष्ट सांगतो. तुमच्या भावाला हे वाक्य सापडले तर तो ते तुमच्यावर उगारेल. त्याचा अर्थ इतकाच की वाटणी ठरवणे हे प्रभूने स्वतःचे काम मानले नाही, आणि म्हणून ते माझेही नाही. सातबारा, फेरफार, खरेदीखत, यांवरून हक्क कोणाचा, याचा निकाल दिवाणी न्यायालयात लागतो. लोभाचा इशारा मात्र दोघांनाही लागू आहे, आणि ज्याच्या कोठारात दुसऱ्याचे धान्य पडले आहे त्याला जास्त.

आता दुसरी बाजू. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'असल्या माणसाला देवाने कधीच माफ करू नये.' तुमचा राग मला समजतो, तरी इथे मी तुमच्याबरोबर नाही. ख्रिस्तसभेने हा वाद फार पूर्वी लढून संपवला आहे. २५० साली रोमन सम्राट डेसियसच्या छळात अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी मूर्तींपुढे धूप जाळला. छळ ओसरल्यावर ते परत येऊ लागले. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे पडले की यांना क्षमा नाही, मरतानाही नाही. पोप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ते मानले नाही: दीर्घ प्रायश्चित्त करावे लागेल, पण दार बंद होणार नाही. नोव्हेशियनचा गट फुटून वेगळा झाला. तेव्हापासून, कोणतेही पाप असो, पश्चात्ताप खरा असेल तर क्षमेला मर्यादा नाही, या भूमिकेवरून ख्रिस्तसभा हटलेली नाही. क्रुसावरच्या गुन्हेगाराला शेवटच्या घटकेत स्वर्गलोक मिळाला. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला तीनदा विचारून पुन्हा कळप सोपवला गेला. पोलंडमधल्या संत फॉस्तिना १९३८ मध्ये वारल्या. दैवी दयेची भक्ती त्यांच्यापासून पसरली, आणि ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संतपद देताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुनरुत्थानानंतरचा रविवार संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी दैवी दयेचा रविवार ठरवला. आपल्याकडे कितीतरी घरांत ती तसबीर आहे, हृदयातून निघणारे दोन किरण, एक फिकट आणि एक लाल. ती दया तुमच्या भावासाठीही आहे. ती त्याला मिळू नये अशी इच्छा धरू नका. ती त्याला खरेच मिळावी अशी धरा, कारण ती खरेच मिळाली तर तो तुमच्या दाराशी येईल.

तुमच्या जाऊबाई मूळच्या अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचे अहमदनगर), प्रॉटेस्टंट घरातल्या, आणि त्या म्हणतात की पापकबुलीला पाद्री हवाच कशाला, थेट देवाला सांगावे. त्यांच्या मंडळीत तशीच शिकवण आहे, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातले 'आपण आपली पापे पदरी घेतली तर तो क्षमा करील' हे वचन त्यांना तोंडपाठ असेल. आम्ही कॅथोलिक या संस्काराचा आधार पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना दिलेल्या अधिकारात पाहतो: ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा होईल. हा मतभेद जुना आहे, त्यात आज शिरत नाही. तुमच्या प्रश्नापुरते दोन्ही घरांचे उत्तर एकच आहे. प्रॉटेस्टंट परंपरा ज्यांच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन लूथर यांनी १५१७ साली मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच असे सांगतो की ख्रिस्ताला श्रद्धावंतांचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे हवे आहे. एका दुपारी उरकून टाकायची गोष्ट ती कोणाच्याच मते नाही.

मग तुम्ही क्षमा करायची की नाही?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर पट. मग निर्दय दासाचा दाखला. दासाला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. सहाशे रुपये रोज धरला तर हे कर्ज ३,६०० कोटी रुपयांच्या घरात जाते. राजा ते सगळे सोडून देतो. आणि बाहेर पडताच हा दास शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, म्हणजे त्याच हिशेबाने साठ हजारांसाठी, दुसऱ्याचा गळा धरतो. प्रवचनांत आम्ही ही दुसरी रक्कम क्षुल्लक म्हणून सोडून देतो. ती क्षुल्लक नाही. रोजंदारीच्या माणसाला साठ हजार म्हणजे मुलाचे वर्षभराचे शिक्षण. तुमचे दुखणे लहान आहे असे प्रभू म्हणत नाही. त्याहून कितीतरी मोठे ऋण तुमच्यावरूनही उतरवले गेले आहे, एवढे तो सांगतो.

आणि याच अध्यायात, या दाखल्याच्या आधी, दुसरी शिकवण आहे, जिचा उच्चार कोणी सहसा करत नाही. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, एकांतात त्याचा दोष त्याला दाखव. ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर घे. तरी ऐकले नाही तर मंडळीला कळव. म्हणजे तोंडावर दोष दाखवणे आणि क्षमा करणे ही एकाच अध्यायातली, एकाच गुरूची आज्ञा आहे. लूक सतराव्या अध्यायात तर एका श्वासात सांगतो: भावाने अपराध केला तर त्याला दोष दे, पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

म्हणून क्षमा करायची म्हणजे नेमके काय, ते सांगतो. त्याचे वाईट व्हावे ही इच्छा सोडायची. सूड हातात घ्यायचा नाही, त्याच्या मुलांवर काढायचा नाही, शिव्याशाप द्यायचे नाहीत. त्याचे भले व्हावे म्हणून प्रार्थना करायची, आणि त्याचे भले यातच आहे की त्याने तुमचे परत करावे. क्षमेचा अर्थ विसरणे नाही. क्षमेचा अर्थ पुन्हा विश्वास टाकणेही नाही. विश्वास वागण्याने कमवावा लागतो. हिस्सा मागायचा हक्क त्यात बुडत नाही. आणि हे पैशांपुरतेच नाही: नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि नांदायला जा' असे ख्रिस्ताच्या नावाने सांगणाऱ्यांविषयी मला फार दुःख होते. क्षमा घराबाहेर, सुरक्षित जागी राहूनही करता येते.

भारतातल्याच एका घटनेने मला हे शिकवले. केरळच्या पुल्लुवळीच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींत काम करत होत्या. बचतीची सवय, सरकारी योजना, सावकाराच्या कर्जातून सुटका, यामुळे काही बड्या लोकांचे बिनसले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. बायको त्याला सोडून गेली, आणि ज्यांनी हे काम करवून घेतले त्यांचा सूड घ्यायचा, एवढेच त्याच्या मनात राहिले. स्वामी सदानंद नावाचे कॅथोलिक संन्यासी त्याला तुरुंगात भेटत राहिले. २००२ च्या राखी पौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे कुटुंबाने आणि त्यांच्या संस्थेने त्याच्या सुटकेसाठी दयेचा अर्ज केला, आणि २००६ मध्ये तो सुटला. केरळात जाऊन तो त्यांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा समंदर सिंह तिथे हजर होता.

या घटनेत मी दोन गोष्टींकडे नेहमी लक्ष वेधतो. हत्या आणि राखी यांच्यात सात वर्षे गेली. त्या घराला कोणी 'आजच माफ करा' म्हणून दटावले नाही. आणि खटला चालला, शिक्षा झाली, अकराएक वर्षे तुरुंगात गेली. सुटकेच्या अर्जावर सही केली ती ज्यांची लेक गेली त्यांनी, स्वतःच्या मनाने. खुन्याने त्यांच्यापुढे देवाचा माफीनामा नाचवला नव्हता.

प्रार्थनेच्या त्या ओळीवर जीभ अडते, तर अडू द्या, पण प्रार्थना सोडू नका. तिथे थांबा आणि देवाला खरे ते सांगा: मला अजून जमत नाही, जमावे असे वाटू दे. धर्मशिक्षण ग्रंथ प्रभूच्या प्रार्थनेच्या याच ओळीवर म्हणतो की झालेला अपराध न जाणवणे किंवा तो विसरणे हे आपल्या हातात नसते. जखमी मन पवित्र आत्म्याच्या स्वाधीन केले तर तो त्या जखमेचे रूपांतर मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यासाठीच्या, प्रार्थनेत करतो. ती अडखळणारी ओळ देवाला चालते. राग येणे हे पाप नाही. त्या रागात भावाच्या मरणाची कामना करू लागलात, तर मात्र तेवढे घेऊन कबुलीला या.

आता करायचे काय. आधी भावाला एकटे गाठून, किंवा पत्र लिहून, शांत शब्दांत सांगा की अमुक जमीन, अमुक साली, तू असा शब्द दिला होतास, तो पाळलेला नाहीस, मला माझा हिस्सा हवा आहे. शिवी नाही, नरकाची धमकी नाही, आकडा मात्र स्पष्ट. ऐकले नाही तर मामा किंवा धर्मपिता, ज्यांच्यासमोर वडिलांच्या वाटणीचे बोलणे झाले असेल, त्यांना बरोबर घेऊन जा. मग धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) धर्मगुरूंना मध्यस्थीची विनंती करा. हे चालू असतानाच हक्कसोडपत्राची आणि खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा आणि दिवाणी वकिलाला दाखवा. फसवून घेतलेल्या सहीविरुद्ध दाद मागता येते, पण त्याला कायद्याची मुदत असते, म्हणून हे लांबवू नका. ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये असे भाऊ म्हणेल आणि बायबलमधले प्रेषित पौलाचे करिंथकरांना पत्र दाखवेल. त्याला तोच परिच्छेद पुढे वाचायला सांगा, कारण तिथे पौल आपल्याच भावांना लुबाडणाऱ्यांना झाडतो. आणि वेळ आली तेव्हा त्याच पौलाने स्वतःसाठी कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली होती.

तो देवळात कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायला रांगेत उभा राहिला की तुम्हाला उठून बाहेर जावेसे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. जाऊ नका. तो कोणत्या अवस्थेत वेदीपाशी जातो याची जबाबदारी त्याची आहे. तुम्ही तुमच्या रांगेत उभ्या राहा.

आणि नाताळला आईकडे जायचे की नाही, तर जरूर जा. आई थकली आहे, तिला दोघेही हवे आहात. भावाला नाताळच्या शुभेच्छा द्या, त्याच्या मुलांना जवळ घ्या, एका पंगतीत जेवा. जमिनीचा विषय त्या दिवशी तुम्ही काढू नका. त्याने काढला तर 'पत्रात लिहिले आहे' एवढेच म्हणा. आणि जेवण झाल्यावर कोणी कागद पुढे केला, 'फक्त सही कर, मिटवून टाकू' म्हणाले, तर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका.